खांदा आणि दंडाच्या दुखापती: काय ओळखायचं, झोळी किती दिवस, हालचाल कधी

खांदा हा उखळीचा सांधा, असं शाळेत शिकवतात. प्रत्यक्षात ही उखळ इतकी उथळ असते की तिला बशी म्हणणंच बरं. दंडाच्या हाडाचं गोल डोकं या बशीला टेकून राहतं आणि एका वेळी त्याचा जेमतेम पाव ते एकतृतीयांश भाग तिला लागलेला असतो. डोकं जागेवर धरून ठेवतात ते बशीच्या कडेची कूर्चा, सांध्याभोवतीची पिशवी आणि चार स्नायूंच्या कंडरा, म्हणजे स्नायू हाडाला बांधणाऱ्या चिवट दोऱ्या. या चार कंडरांच्या वेढ्याला रोटेटर कफ म्हणतात. हात डोक्यामागे, पाठीमागे, आडवा, उभा, कसाही नेता येतो तो या सैल बांधणीमुळे. पण याच बांधणीमुळे खांदा सहज निखळतो आणि काही दिवस हलवला नाही तर तितक्याच सहज आखडतो.

म्हणून खांद्याच्या बाबतीत झोळी, म्हणजे हात गळ्यात अडकवायची पट्टी, लावायची की नाही यापेक्षा ती कधी काढायची हा प्रश्न जास्त अवघड असतो. झोळीला औषधासारखा डोस असतो आणि तो दिवसांत मोजायचा असतो. कॉलरबोन, म्हणजे गळ्यापासून खांद्यापर्यंतचं आडवं हाड, मोडलं तर मोठ्या माणसाला 4 ते 6 आठवडे, साठीतल्या माणसाचा निखळलेला खांदा बसवल्यावर साधारण आठवडाभर, नुसता मुका मार असेल तर दोन-तीन दिवस. ही गणितं एकमेकांत मिसळली की हाड नीट जुळत नाही, नाहीतर सांधा धरून बसतो. त्यामुळे आधी नेमकं काय दुखावलंय ते शोधायचं.

पहिला अर्धा तास

माणूस कसा पडला ते विचारा. खांद्याच्या टोकावर थेट आपटला असेल तर कॉलरबोनवर किंवा त्याच्या बाहेरच्या टोकाच्या सांध्यावर संशय घ्या. पसरलेल्या हाताच्या तळव्यावर पडला असेल तर खांदा निखळलेला असू शकतो, किंवा दंडाचं हाड वरच्या बाजूला, गोल डोक्याखालच्या भागात (याला हाडाची मान म्हणतात) मोडलेलं असू शकतं. जड काही उचलताना किंवा झेलताना आत ‘टक्’ असं काही तुटल्यासारखं वाटलं असेल तर कंडरा बघायची. हा अंदाजच आहे, पण एक्स-रे कुठल्या भागाचा काढायचा हे ठरवायला तो फार उपयोगी पडतो.

शर्ट उतरवा; उतरत नसेल तर सरळ कापा. माणसाला समोर बसवून दोन्ही खांदे शेजारी शेजारी ताडून पाहा. एका बाजूची गोलाई जाऊन तिथे चौकोनी कोपरा दिसतोय का? कॉलरबोनवर टेंगूळ आहे का? हाडाच्या टोकाने आतून कातडी ताणून पांढरी पडली आहे का?

मग हात पाहा. ही तपासणी बहुतेक जण विसरतात, कारण सगळं लक्ष दुखणाऱ्या खांद्याकडे असतं. मनगटावरची नाडी लागते का बघा. बोटाचं नख दाबून सोडा. साधारण 2 सेकंदांत गुलाबी रंग परत यायला हवा. आता चार गोष्टी करायला सांगा: अंगठा वर करून दाखवा, अंगठा आणि तर्जनीचं टोक जुळवून गोल करा, बोटं फाकवा, आणि दंडाच्या वरच्या बाहेरच्या भागावर बोट फिरवल्यावर दुसऱ्या बाजूसारखंच कळतंय का सांगा. पहिल्या तीन हालचालींतून हाताच्या तीन मोठ्या नसा (रक्तवाहिन्या नव्हेत, मज्जातंतू) कळतात. चौथ्यातून कळते काखेतून वळसा घालून जाणारी ॲक्सिलरी नस, जी खांदा निखळताना सगळ्यात जास्त वेळा ताणली जाते. जे आढळलं ते वेळेसह लिहून ठेवा. बधिरपणा आधीपासून होता की उपचारानंतर आला, हे ठरवायला पुढे हाच कागद लागतो.

हात गार आणि फिकट पडला, हाड कातडीबाहेर आलं, मनगट उचलताच येईना, खांदा निखळल्यासारखा दिसतोय, कातडी आतून टोचून पांढरी झाली, छातीला मार लागून धाप लागते आहे, मान दुखते आहे, यातलं काहीही असेल तर लगेच रुग्णालयात न्या. आणखी दोन प्रसंग वरकरणी खांद्याचे वाटतात, पण नसतात. मार न लागताच खांदा-दंड दुखू लागला आणि सोबत छातीवर दाब, घाम, मळमळ असेल तर तो हृदयविकाराचा झटका समजून धावा. पोटाला मार लागून डाव्या खांद्याच्या टोकाला कळ येत असेल तर प्लीहा फाटून आत रक्तस्राव होत असण्याची शक्यता असते. अशा माणसाचा खांदा तपासत बसण्यात वेळ घालवू नका.

अंगठ्या, बांगड्या, घड्याळ आत्ताच काढा. तासाभराने हात सुजला की त्या कापाव्याच लागतात. बर्फ कापडात गुंडाळून 15 ते 20 मिनिटं ठेवा, थेट कातडीवर नको. खांदा निखळला असेल किंवा हाड सरकल्यासारखं दिसत असेल तर खायला काही देऊ नका, कारण तो बसवताना गुंगीचं औषध द्यावं लागू शकतं. दुखण्यासाठी मोठ्या माणसाला पॅरासिटामॉल 500 मिलिग्रॅम ते 1 ग्रॅम, दोन डोसांमध्ये किमान 4 ते 6 तास, आणि 24 तासांत 4 ग्रॅमच्या वर अजिबात नाही. सर्दी-तापाच्या गोळ्यांतही पॅरासिटामॉल असतं, ते बेरजेत धरा. यकृताचा त्रास असेल किंवा वजन 50 किलोपेक्षा कमी असेल तर डोस डॉक्टरांकडून ठरवून घ्या. आयबुप्रोफेनसारखी औषधं मूत्रपिंडाचा विकार, पोटातला अल्सर, रक्त पातळ करणारी गोळी किंवा गरोदरपण असेल तर स्वतःहून घेऊ नयेत.

झोळी बांधताना

साधारण मीटरभर लांबी-रुंदीचं चौकोनी सुती कापड कर्णावर कापलं की दोन त्रिकोणी पट्ट्या होतात. माणसाला बसवा आणि दुखऱ्या हाताला त्याच्याच दुसऱ्या हाताचा आधार द्यायला सांगा. तो आधार गाठ बसेपर्यंत सुटता कामा नये. पट्टी हात आणि छाती यांच्यामधून सरकवा. त्रिकोणाचं शेंडीचं टोक दुखऱ्या कोपराच्या पलीकडे जाईल, एक लांब टोक चांगल्या खांद्यावरून मानेमागे जाईल, दुसरं खाली लोंबेल. आता खालचं टोक हातावरून वर घेऊन दुखऱ्या बाजूला, कॉलरबोनच्या वरच्या खळगीत सपाट गाठ मारा. गाठीखाली कापडाची घडी ठेवा. कोपराजवळ उरलेली शेंडी पिळून आत खोचा किंवा पिनेने अडकवा, म्हणजे कोपर मागून निसटत नाही. बोटांची टोकं बाहेर दिसली पाहिजेत आणि पंजा कोपरापेक्षा किंचित वर असला पाहिजे.

यात दोन फेरफार लक्षात ठेवायचे. कॉलरबोनच मोडलं असेल तर दुखऱ्या बाजूची गाठ नेमकी मोडलेल्या हाडावर बसते, म्हणून ती चांगल्या बाजूला घ्या. आणि खांदा निखळला असेल तर हात ज्या कोनात अडकलाय त्याच कोनात ठेवा. छातीशी आणायला जोर लावू नका. हात आणि बरगड्यांमधल्या जागेत गुंडाळलेला टॉवेल किंवा उशी सरकवा आणि मग बांधा.

झोळी बिघडते ती बहुतेकदा सैल पडून. पंजा हळूहळू कोपराखाली येतो, रात्रीपर्यंत बोटं फुगतात आणि लोक समजतात की फ्रॅक्चरची सूज वाढली. दुसरी नेहमीची चूक म्हणजे गाठ मानेच्या मणक्यांवर येणं. दुसऱ्या दिवशी खांद्यापेक्षा मानच जास्त दुखते, माणूस वैतागून झोळी काढून ठेवतो.

खांदा निखळणं

निखळलेल्या खांद्यांपैकी 95 टक्क्यांच्या आसपास पुढच्या बाजूला निखळतात. गोलाई जाते, हात अंगापासून थोडा दूर आणि बाहेर वळलेला राहतो आणि माणूस तो दुसऱ्या हाताने धरून बसतो. समोरच्या खांद्याला पंजा लावायला सांगितलं तर जमत नाही.

जागच्या जागी ओढून बसवायचा मोह आवरा. तीच गोलाई गेलेली दिसते तेव्हा निखळण्यासोबत हाडाची मानही मोडलेली असू शकते आणि ओढताना तो तुकडा सरकतो. शेजारची नस किंवा रक्तवाहिनी अडकू शकते. रुग्णालयात आधी दोन दिशांनी एक्स-रे काढतात, नस तपासतात, मग खांदा बसवतात, पुन्हा एक्स-रे आणि पुन्हा नस. हा क्रम पाळला नाही असं वाटलं तर विचारायला संकोच करू नका.

बसवल्यावर झोळी किती दिवस? तरुणांना 1 ते 3 आठवडे. चाळिशीनंतर आठवडाभर पुरते, कारण त्या वयात पुन्हा निखळण्यापेक्षा आखडण्याचाच धोका मोठा असतो. तीन आठवड्यांहून जास्त बांधून ठेवल्याने पुन्हा निखळणं टळत नाही. ते मुख्यतः वयावर आणि बशीची कड किती फाटली यावर ठरतं. विशीच्या आतल्या खेळाडूंमध्ये पुन्हा निखळण्याचं प्रमाण निम्म्याहून बरंच जास्त असतं, त्यामुळे त्यांच्या बाबतीत शस्त्रक्रियेचा विचार पहिल्याच वेळी करावा लागतो. चाळिशीपुढच्यांना मात्र वेगळा प्रश्न विचारायचा: रोटेटर कफ फाटला तर नाही? खांदा बसून दोन-तीन आठवडे झाले तरी हात स्वतःहून वर जात नसेल तर सोनोग्राफी किंवा एमआरआय करून घ्या. ‘सूज आहे, होईल कमी’ म्हणत महिने घालवू नका.

मागच्या बाजूला निखळलेला खांदा मात्र भल्याभल्यांच्या नजरेतून सुटतो. आकडी आल्यावर किंवा विजेचा शॉक बसल्यावर कोणाचा हात पोटाकडे वळलेल्या अवस्थेत अडकला आणि बाहेर फिरवताच येत नसेल तर हे डोक्यात आलंच पाहिजे. समोरून काढलेला एक्स-रे जवळजवळ नॉर्मल दिसतो. काखेच्या दिशेनेही एक्स-रे काढायला सांगा. त्यात डोकं बशीच्या मागे गेलेलं स्पष्ट दिसतं.

कॉलरबोन आणि त्याच्या टोकाचा सांधा

कॉलरबोन बहुतेकदा मधल्या तिसऱ्या भागात मोडतं. एक्स-रेमध्ये तुकडे एकमेकांवर चढलेले दिसले की घरचे घाबरतात, पण हे हाड जुळायला मोठं गुणी आहे. साधी झोळी मोठ्यांना 4 ते 6 आठवडे, मुलांना 3 ते 4. पाठीमागून आठच्या आकड्यासारखा बांधायचा पट्टा अजूनही दिला जातो. तो झोळीपेक्षा सरस ठरलेला नाही आणि काखेत काचतो. पहिल्या दिवसापासून बोटं, मनगट, कोपर हलवत राहा. हाड जुळेपर्यंत, म्हणजे सुमारे 6 आठवडे, हात खांद्याच्या रेषेच्या वर नेऊ नका. जड उचलणं आणि अंगावर येणारे खेळ साधारण 12 आठवड्यांनी. सिगारेट ओढणाऱ्यांचं हाड उशिरा जुळतं, काही वेळा जुळतच नाही. तेवढे तीन महिने तरी ती बंद ठेवा. जुळलेल्या जागी गाठ राहते. मुलांमध्ये ती काही महिन्यांत झिजते, मोठ्यांमध्ये थोडी कायम राहते आणि ती त्रासदायक नसते. कातडी टोचली जात असेल, जखम उघडी असेल, नस-रक्तवाहिनीला इजा असेल, किंवा हाड 2 सेंटिमीटरहून जास्त आखूड झालं असेल तर शल्यचिकित्सकाशी प्लेट बसवण्याबद्दल बोला.

कॉलरबोनच्या बाहेरच्या टोकाचा सांधा सुटला तर खांद्यावर पायरी दिसते आणि हात छातीवरून आडवा पलीकडे नेताना नेमकी तिथेच कळ येते. हलक्या प्रकारांत आठवडा-दोन आठवडे झोळी आणि मग हालचाल. मध्यम प्रकारातही बहुतेक जण शस्त्रक्रियेशिवाय बरे होतात, पायरी तेवढी राहते. हाडाचं टोक मागे स्नायूत घुसलं असेल किंवा फारच वर उचललं गेलं असेल तर गोष्ट वेगळी.

दंडाचं हाड: वर मोडलं तर, मधे मोडलं तर

साठीनंतर, विशेषतः बायकांमध्ये, उभ्या उभ्या पडून दंडाचं हाड डोक्याच्या खाली, मानेपाशी मोडतं. तिसऱ्या-चौथ्या दिवशी काळानिळा डाग कोपरापर्यंत, कधी छातीच्या कडेपर्यंत उतरतो. रक्त गुरुत्वाकर्षणाने खाली येतं, नवीन काही झालेलं नसतं. हे आधीच सांगून ठेवलं तर मध्यरात्री रुग्णालय गाठावं लागत नाही.

यातली बरीचशी फ्रॅक्चर फार सरकलेली नसतात आणि झोळीवरच बरी होतात. मात्र पहिल्या दोन-तीन आठवड्यांत दर आठवड्याला एक्स-रे काढून तुकडे सरकले नाहीत ना ते पाहावं लागतं. एक-दोन आठवड्यांनी, दुखणं आटोक्यात आलं आणि डॉक्टरांनी होकार दिला की लंबकाचा व्यायाम सुरू करायचा. कसा ते पुढे येतं. इथे सगळ्यात मोठी चूक म्हणजे हाड मोडलंय म्हणून दीड-दोन महिने हात बांधून ठेवणं. हाड जुळतं आणि खांदा जखडतो. स्वतःच्या जोराने हात उचलणं साधारण 6 आठवड्यांनंतर, ताकदीचे व्यायाम 10-12 आठवड्यांनंतर. पूर्ण सुधारणा व्हायला वर्ष लागू शकतं. आणि साध्या पडण्याने हाड मोडलं याचा अर्थ हाडं ठिसूळ आहेत का ते तपासायचं: हाडांच्या घनतेची चाचणी, ड जीवनसत्त्व. ते राहून गेलं तर पुढची पाळी खुब्याची असू शकते.

दंडाच्या हाडाच्या मधल्या भागाला चिकटून रेडियल नस पिळा घालून जाते. तिथे हाड मोडलं की साधारण दहातल्या एकाला मनगट लुळं पडतं: पंजा खाली लोंबतो, बोटं आणि अंगठा उचलता येत नाहीत. पाहून धक्का बसतो, पण कातडी फाटलेली नसेल तर ही नस सहसा तुटलेली नसते, ताणलेली असते, आणि बहुसंख्यांमध्ये 3-4 महिन्यांत परत येते. तोवर मनगटाला आधाराची पट्टी लावायची आणि दिवसातून तीन-चार वेळा दुसऱ्या हाताने बोटं पूर्ण सरळ करायची, नाहीतर नस जागी होईपर्यंत बोटंच आखडलेली असतात.

अशा फ्रॅक्चरला पहिले एक-दोन आठवडे यू आकाराचं प्लास्टर आणि सूज उतरली की प्लास्टिकचा ब्रेस, म्हणजे दंडाभोवती पट्ट्यांनी आवळायचं कवच, देतात. सूज उतरत जाते तसा ब्रेस सैल होतो, म्हणून त्याचे पट्टे रोज आवळायला हवेत. हाडाला आधार त्या आवळलेल्या स्नायूंचाच असतो. मनगटाला अडकवलेली गळ्यातली पट्टी वापरायची, कोपर मोकळं लोंबतं ठेवायचं. खुर्चीच्या हातावर किंवा उशीवर कोपर टेकवून बसू नका. बरं वाटतं खरं, पण दंडाचं वजनच हाड सरळ ओढून धरत असतं. कोपर टेकलं की तुकडे वाकडे होऊ लागतात. ब्रेस साधारण 10 ते 12 आठवडे लागतो. थोडासा वाकडेपणा राहिला तरी खांदा आणि कोपर तो सांभाळून घेतात.

एक्स-रे नॉर्मल आला तरी

हाड शाबूत म्हणजे सगळं ठीक, हा समज खांद्याच्या बाबतीत महागात पडतो. एक्स-रेमध्ये कंडरा दिसत नाही. चाळिशी ओलांडलेला माणूस पडला, एक्स-रे स्वच्छ आहे, पण हात स्वतःहून वर जात नाही. तुम्ही धरून वर नेलात तर जातो आणि सोडलात की धपकन खाली येतो. हा फाटलेल्या रोटेटर कफचा संशय आहे. सोनोग्राफी किंवा एमआरआय काही दिवसांतच व्हायला हवी, कारण कामकरी माणसाच्या ताज्या फाटीची शिलाई पहिल्या काही आठवड्यांत ते तीन महिन्यांत केलेली चांगली बसते. नंतर स्नायू आत ओढला जातो, त्यात चरबी भरते, मग टाका घालायला धड काही उरत नाही. झिजून हळूहळू फाटलेल्या कंडरेचं तसं नसतं. साठीनंतर अशा फाटी कित्येकांना दुखत नाहीतही, आणि दुखल्या तर आधी तीन महिने नेटाने व्यायाम करून पाहायचा.

बायसेप्सची, म्हणजे दंडाच्या पुढच्या स्नायूची, कंडरा दोन ठिकाणी तुटते आणि गाठ कुठे जमते त्यावरून उपचार ठरतो. वरची तुटली तर स्नायूचा गोळा खाली, कोपराकडे घसरतो. दिसायला विचित्र, पण ताकद फारशी जात नाही. बहुतेकांना काही करावं लागत नाही. खालची, म्हणजे कोपराजवळची तुटली तर गोळा वर, खांद्याकडे सरकतो आणि स्क्रू पिळण्याची ताकद जाते. ही दोन ते तीन आठवड्यांच्या आत जोडून घ्यायला हवी. तसंच बेंच प्रेस करताना ‘फाटल्यासारखं’ होऊन काखेची पुढची कड नाहीशी झाली आणि छाती-दंड काळेनिळे पडले, तर छातीच्या मोठ्या स्नायूची कंडरा सुटली आहे. तिथेही उशीर परवडत नाही.

नुसता मुका मार असेल तर पहिले 48 तास दर दोन-तीन तासांनी बर्फ, सैलसर झोळी, आणि दोन-तीन दिवसांत हालचाल सुरू. शेक आणि मालिश या काळात नको. दंडाच्या खोल स्नायूत साकळलेलं रक्त चोळलं तर त्या जागी स्नायूत हाड तयार होऊ शकतं आणि मग कोपर महिनोन्‌महिने सरळ होत नाही.

झोळीतले दिवस

पाठीवर, पाठ 30 ते 45 अंश उंच करून झोपा आणि दुखऱ्या कोपराखाली घडी केलेला टॉवेल ठेवा. सपाट झोपलं की कोपर मागे पडतं आणि खांदा पुढे ढकलला जातो. रात्रीच्या निम्म्या तक्रारी याच कारणाने असतात. ब्रेस लावलेल्यांना कोपराखालचा टॉवेल लागू नाही. त्यांनी जवळजवळ बसूनच झोपावं.

कपडे घालताना दुखरा हात आधी, काढताना शेवटी. पुढून बटणांचा सैल शर्ट घ्या. पुढे वाकून हात लोंबता ठेवा, चांगल्या हाताने बाही लोंबत्या हातावरून काखेपर्यंत सरकवा, मग सरळ व्हा आणि दुसरा हात घाला. काख धुवायलाही हीच ओणवी अवस्था. हात अंगापासून आपोआप सुटतो, साबण-पाणी फिरवा, कोरडं पुसा आणि मऊ सुती कापड ठेवा. काख ओली राहिली की चार दिवसांत कातडी सोलवटते.

जागेपणी दर तासाला मूठ 10 वेळा उघडा-मिटा. दिवसातून चार वेळा झोळीतून हात काढून कोपर पूर्ण सरळ करा, 10 वेळा. कोपर आखडणं हे खांद्याच्या दुखापतीतलं सगळ्यात फुकटचं नुकसान.

व्यायाम: कोणत्या क्रमाने

लंबक: चांगल्या हाताने टेबलाला धरून कमरेत वाका, दुखरा हात दोरीसारखा सैल सोडा आणि पाय-कंबर हलकेच डोलवा, म्हणजे हात आपोआप झुलेल. पुढे-मागे, आडवा, मग लहान गोल. प्रत्येकी 20 वेळा, दिवसातून तीनदा. खांद्याने हात फिरवला तर तो लंबक राहत नाही. शेजारी कोणी असेल तर दंडाला बोट लावून बघायला सांगा: स्नायू मऊ लागला पाहिजे, टणक लागला तर तुम्ही जोर लावताय.

त्यानंतर टेबलावर कापड ठेवून त्यावरून पंजा पुढे सरकवणं आणि आडवं पडून काठी दोन्ही हातांत धरून चांगल्या हाताने दुखरा हात वर नेणं. बाहेर वळवण्यासाठी कोपर बरगडीला चिकटवून, त्यामध्ये घडीचा रुमाल पकडून काठीने पंजा बाहेर ढकला. रुमाल पडला म्हणजे कोपर सुटलं. पुढून निखळलेल्या खांद्याला ही बाहेरची हालचाल आणि हात वर करून मागे नेणं पहिले सहा आठवडे डॉक्टर सांगतील तेवढंच.

ताकद शेवटी. आधी भिंतीला पंजा दाबून 5 सेकंद धरणं, 10 वेळा, न हलता. मग रबरी पट्टा, 10 ते 15 वेळांचे तीन फेरे, एक दिवसाआड. दुखण्याचं मोजमाप सोपं ठेवा: व्यायाम करताना दहापैकी तीन-चारपर्यंत दुखलं आणि रात्रीपर्यंत शमलं तर चालू ठेवा, दुसऱ्या सकाळी आदल्या दिवसापेक्षा जास्त असेल तर फेरे निम्मे करा, पण पूर्ण बंद करू नका.

दुखापतीला दोन-तीन महिने झाले आणि कोपर अंगाला लावून दुसऱ्याने हात बाहेर वळवला तरी वळत नसेल, तर खांदा जखडू लागला आहे. मधुमेह असणाऱ्यांमध्ये हे जास्त होतं आणि आपोआप सुटायला एक ते तीन वर्षं घेतं. सुरुवातीच्या दुखऱ्या काळात सांध्यात दिलेलं स्टिरॉइडचं इंजेक्शन चांगला आराम देतं. मधुमेहींनी पुढचे काही दिवस साखर जास्त वेळा तपासावी. या काळात कोणी हिसका देऊन खांदा ‘मोकळा’ करत असेल तर नको म्हणा. पिशवी सुजलेली असताना दिलेला हिसका तिला आणखी आवळतो, ठिसूळ हाड असेल तर ते मोडतोही.

गाडी झोळीत असताना अजिबात चालवू नका. झोळी निघाल्यावरही आधी थांबलेल्या गाडीत बसून स्टिअरिंग दोन्ही हातांनी झटकन पूर्ण फिरवून बघा. दचकून हात आखडला तर अजून आठवडा थांबा. खेळात परतताना वेदना नसणं पुरत नाही: दोन्ही खांद्यांची हालचाल सारखी हवी, पट्टा ओढण्याची ताकद दुसऱ्या बाजूच्या जवळपास 90 टक्के हवी, आणि हात वर करून मागे नेताना ‘निसटेल’ अशी धास्ती वाटता कामा नये. ती धास्ती वाटत असेल तर खांदा अजून तयार नाही, कॅलेंडर काहीही म्हणो.